समासातली ओळ

शिंदखेड्याच्या दगूनाना पिंजारींच्या घरात कुराणाची एक हस्तलिखित प्रत होती. गाद्या-रजया भरण्याचा धंदा करणाऱ्या त्या घराण्यात ती किती पिढ्यांपासून आहे हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. गावात सगळे तिला 'पोथी'च म्हणत, आणि लग्नाच्या आधी नवरा-नवरी तिच्या पेटीला हात लावून जात. यंदा गावातली मशीद नव्यानं बांधून झाली तेव्हा नानांनी ठरवलं, की पोथी आता मशिदीत काचेच्या कपाटात ठेवायची, आणि खाली संगमरवराची पाटी लावायची. पाटीवरचा मजकूरही त्यांनी ठरवून टाकला: 'चारशे वर्षांपूर्वी हातानं लिहिलेलं कुराण शरीफ. एका टिंबाचीही चूक नाही.' आता फक्त कोणा शिकल्यासवरल्या माणसानं तसं लिहून द्यायचं बाकी होतं. म्हणून त्यांनी जळगावला सफूराला फोन केला.

सफूरा त्यांच्या लांबच्या नात्यातली. जळगावच्या एका कॉलेजात ती इतिहास शिकवत होती, मेहरूणमध्ये तलावाच्या बाजूला दोन खोल्यांत एकटी राहत होती. अरबी ती उत्तम वाचे. जुन्या हस्तलिखितांवर तिचा अभ्यास होता, आणि त्या अभ्यासानंच तिचं घर तुटलं होतं.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी तिनं एका दिवाळी अंकात कुराण लिहून कसं ठेवलं गेलं त्याचा इतिहास मांडला होता. सुरुवातीच्या प्रतींत अक्षरांवर टिंबं नव्हती, उच्चाराच्या खुणा नव्हत्या. तिसऱ्या खलिफांनी एक प्रत पक्की करून घेतली आणि वेगळ्या प्रती जाळायला लावल्या. येमेनमध्ये एका जुन्या मशिदीत चामड्याची पानं सापडली, त्यांवरचा आधीचा मजकूर पुसून नवा लिहिलेला होता, आणि पुसलेल्या मजकुरात काही शब्द, काही क्रम वेगळे होते. यातलं काहीच तिनं मनचं लिहिलं नव्हतं. पण धुळ्यात तो लेख फिरला आणि तिच्या वडिलांपर्यंत पोचला.

वडील म्हणजे हाफिज इलियास. अख्खं कुराण वयाच्या बाराव्या वर्षी मुखोद्गत केलेले. धुळ्यात देवपुरातल्या एका मशिदीत चाळीस वर्षं मुलांना पाठ देत आले, आणि दर रमजानला रात्रीच्या तरावीहच्या नमाजात सगळं कुराण म्हणून पुरं करत आले. त्यांनी लेख दोनदा वाचला. मग मुलीला म्हणाले, "सफू, तू लिहिलंस ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तू असं लिहिलंस, जसं त्या घरात कोणी राहतच नाही."

सफूरा तडकली होती. "घरात राहणाऱ्यांनी पाया बघूच नये का, अब्बा?"

त्यानंतर ईदच्या दिवशी फोनवर सलाम, एवढंच उरलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हाही बाप-लेक एका छताखाली चार दिवस राहून कामापुरतं बोलले.

नानांना नाही म्हणावं असं सफूराला आधी वाटलं. पण पोथी पाहायची इच्छा आवरेना. कॉलेजला सुट्टी होती, रमजानला अजून दीड महिना होता. तिनं मृणालीला सोबत घेतलं आणि सकाळच्या गाडीनं शिंदखेडा गाठलं.

मृणाली सुरवाडे तिची मैत्रीण. दीपनगरच्या वसाहतीत वाढलेली, बौद्ध घरातली. कागद, शाई, वाळवी आणि ओल यांच्याशी तिचा रोजचा संबंध. जुनी हस्तलिखितं जपण्याचं, त्यांचे फोटो काढून ठेवण्याचं काम ती करे.

नानांच्या घरी पत्र्याची पेटी उघडली तेव्हा आत कापसाचे थर निघाले. एकावर एक, पिंजलेल्या, हलक्या कापसाचे. दर दिवाळीनंतर नवा कापूस आला की पेटीतला बदलायचा, ही घराची रीत होती. मृणालीनं मान हलवली. "नाना, तुमच्या कापसानं ही वाचवली. असं तर मोठ्या ठिकाणीही कोणी जपत नाही."

नाना खूश झाले. पंचाहत्तरीचा माणूस, पण पान उजेडाकडे धरताना हात स्थिर होता. "आते हाई देख बेटी. उजेडमा देख."

कागदाच्या आत तीन चंद्रकोरी दिसत होत्या. एकीपेक्षा एक लहान.

"कोनी काढ्यात? कोनीच नही. अल्लानी खूण शे ही."

सफूरानं मृणालीकडे पाहिलं, मृणालीनं तिच्याकडे. तो कारखान्याचा छाप होता. इटलीतले कागद बनवणारे पूर्वेकडे धाडायच्या कागदात या तीन कोरी घालत. सुरतेच्या बंदरातून तो कागद खानदेशात पोचला असेल. वय फार तर दोनशे वर्षं. मृणालीनं ते शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. नानांनी पान खाली ठेवलं. चारशेचे दोनशे झाल्यापेक्षा चंद्रकोरी कोणा परमुलखातल्या कारागिराच्या निघाल्या, हे त्यांना जास्त लागलं असावं.

आणि मग दुपारी सफूराला ती ओळ सापडली.

सूरा रहमान या अध्यायात एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: 'तर मग तुम्ही दोघे आपल्या पालनकर्त्याची कोणती देणगी नाकाराल?' एकतीस वेळा येतं. लिहिणाऱ्याची नजर एका वाक्यावरून उठली ती पुढच्या तशाच वाक्यावर जाऊन बसली, आणि मधलं सुटलं. पुढं कधीतरी त्याच्या लक्षात आलं. त्यानं जागेवर बारीक खूण केली आणि सुटलेलं सगळं समासात तिरपं लिहिलं. शेवटी एक छोटा शब्द जोडला, 'हे बरोबर' अशा अर्थाचा. सफूरानं ते वाचलं. पृथ्वीवर जे जे आहे ते नाश पावणार, आणि उरेल ते तुझ्या पालनकर्त्याचं मुख, त्या आयती होत्या.

"चूक?" नाना उभे राहिले. "आम्हना घरनी पोथीमा चूक? ती नक्षी शे, नक्षी!"

"नाना, नक्षी नाही. लिहिणाऱ्यानं स्वतःच सुधारलंय. चांगलं केलं त्यानं. पण टिंबाचीही चूक नाही, असं मी लिहून कसं देऊ?"

"तू छापेल पुस्तक संगे ताडी पाही ना? छापखानावाल्यास्ना काय भरोसा. पोथी तपासानी ते हाफिज पाहिजे." नाना खाली बसले. मग म्हणाले, "तुना बापले बलाव. तो याच घरमा शिकेल शे, मना बापजवळ."

ते खरंच होतं. नानांचे वडील स्वतः हाफिज होते. इलियास आठ वर्षांचे असताना त्यांना या घरात आणून सोडलं होतं. चार वर्षं ते कापसाच्या ढिगावर झोपले आणि पहाटे उठून धडा म्हणून दाखवत राहिले.

सफूराला फोन करवेना. नानांनीच केला. आणि तिला वाटलं होतं तसं झालं नाही. पलीकडून अब्बा एकदाच म्हणाले, "येतो."

दुसऱ्या दिवशी ते धुळ्याहून एसटीनं आले. दोन वर्षांत खूप वाळले होते. दाढी पार पांढरी, सदऱ्याचं वरचं बटण भलत्याच काजात. मृणालीच्या सलामाला त्यांनी नीट उत्तर दिलं, सफूराच्या डोक्यावरून ओझरता हात फिरवला आणि विचारलं, "कसं करायचं?"

रीत सोपी होती. त्यांनी तोंडपाठ म्हणायचं, सफूरानं पोथीवर बोट ठेवून वाचत जायचं. जिथं फरक पडेल तिथं थांबायचं आणि वहीत लिहायचं. नाना भिंतीला टेकून ऐकत बसणार, मृणाली पान झालं की फोटो काढणार.

ओसरीवर हिवाळ्याचं ऊन आलं होतं. अब्बांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.  हा आवाज ऐकतच सफूरा वाढली होती. तो थोडा थकला होता, पण तालाला चिकटून होता. स्वर जिथं ताणायचा तिथं ताणत होता, जिथं सोडायचा तिथं सोडत होता.

पहिल्याच सूरेत, तिसऱ्या ओळीवर तिनं हात वर केला. "अब्बा, इथं मजकुरात 'मालिक' आहे. पण समासात लाल शाईनं 'मलिक' लिहून ठेवलंय. बाजूला दुसऱ्या वाचनाची खूण."

'न्यायाच्या दिवसाचा मालक', की 'न्यायाच्या दिवसाचा राजा'. नाना दचकले. अब्बांनी मात्र डोळेही उघडले नाहीत.

"असणारच. मदिनेकडचे वाचणारे 'मलिक' म्हणत. दोन्ही बरोबर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नानांच्या वडिलांनी सांगितलं होतं. इथंच, या ओसरीवर."

"मग मुलांना कधी का नाही सांगितलं? मला का नाही सांगितलं?"

आता त्यांनी डोळे उघडले. "पोहायला शिकवताना पहिल्या दिवशी डोह दाखवतात का? आधी काठ धरायला शिकवतात. तू काठ सोडून गेलीस तेव्हा मला विचारलं असतंस, तर डोहही दाखवला असता."

सफूरानं बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. पुढं चार तास काम तेवढं चाललं.

पण वाद व्हायचाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी कळण्याची भाकरी आणि भरीत खाताना तो सुरू झाला, आणि मग रोज जेवणाला तोच वाद तोंडी लावायला असे. अब्बा धुळ्याला राहायला गेल्यापासून मराठीच बोलत, पण चिडले की शिंदखेड्याची बोली वर येई.

"पैगंबरांच्या मागं यमामाच्या लढाईत कुराण पाठ असलेली माणसं पडली," ते सांगत होते, "तेव्हा भीती वाटली, की माणसांबरोबर वचन जाईल. म्हणून गोळा केलं. खजुराच्या फांद्यांवर लिहिलेलं, उंटाच्या हाडांवरचं, पातळ दगडांवरचं. आणि माणसांच्या छातीतलं. हे काय आम्ही लपवून ठेवलंय? प्रत्येक मदरशात सांगतात."

"हेच तर मी लिहिलं होतं, अब्बा. पण ही हकीकत सांगणारी पुस्तकंसुद्धा त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी लिहिलेली. इतिहास शिकणाऱ्यानं विचारायला नको का, की मधल्या काळात काय झालं?"

"मधल्या काळात काय बठ्ठा लोक मुका व्हतात? बोलत होते, म्हणत होते, नमाज पढत होते. तुझ्या लोकांना कागद दिसला नाही की माणूसही दिसत नाही."

"कागद दिसतो म्हणून तर कळतं की वेगवेगळ्या प्रती होत्या. त्यांतून खलिफांनी एक निवडली. माणसांनी बसून निवडली."

"निवडली नाही." अब्बांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. "ओळखली. मेळ्यात हरवलेलं पोर आई निवडते का?"

सफूराकडे यावर उत्तर होतं. निवडण्यात आणि ओळखण्यात पुराव्यानं फरक करता येत नाही, हे तिला सांगायचं होतं. पण बापाचं जेवण थांबलं होतं, म्हणून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

मृणाली इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "माझ्या आजोबांना मी एकदा सांगितलं होतं, की बुद्धांची वचनं त्यांच्यानंतर काहीशे वर्षांनी सिलोनात पहिल्यांदा लिहिली गेली. मला वाटलं, दुखावतील. ते म्हणाले, तोवर कोणी सांभाळली? मी म्हटलं, भिक्खूंनी, पाठ करून. तर म्हणाले, मग त्यांची नावं कुठं लिहिलीत ते शोध."

"सापडली?" अब्बांनी विचारलं.

"दोन-चार. बाकीची नाही."

अब्बांनी मान डोलावली. त्या दिवशी प्रथमच ते सफूराकडे बघून बोलले. "हे बघ. असं विचारायचं असतं."

चौथ्या दिवशी सूरा आराफ चालू होती. दहा वाजले असतील. नाना पेंगत होते, मृणाली कॅमेऱ्याचं झाकण पुसत होती. एका जागी अब्बा पुढं सरकले आणि सफूराचं बोट अडलं.

एका गावात जाऊन राहायची आज्ञा होते, तो प्रसंग होता. तोच प्रसंग सूरा बकरामध्येही आहे, जवळजवळ त्याच शब्दांत. फक्त क्रम उलटा. एकीकडं 'वाकून दारातून आत शिरा आणि क्षमा मागा', दुसरीकडं 'क्षमा मागा आणि वाकून दारातून आत शिरा'. शिकाऊ पोरं इथं हमखास घसरतात. अब्बा घसरले होते. आराफमधून ते बकरामध्ये शिरले होते आणि थांबत नव्हते. पुढच्या आयती, मग त्यापुढच्या, स्वच्छ, ठाम आवाजात ते दुसऱ्याच सूरेचा मजकूर म्हणत होते. पोथी बरोबर होती.

चुकणाऱ्याला पुढचा शब्द पुरवणं याला लुकमा म्हणतात. लुकमा म्हणजे घास. लहानपणी सफूरानं बापाला मुलांना शेकडो घास भरवताना पाहिलं होतं. त्यांना कोणी दिल्याचं तिला आठवत नव्हतं.

ती वहीत काही न लिहिता बसून राहिली असती तरी कोणाला कळलं नसतं. नानांना अरबी फक्त अक्षरओळखीपुरती येत होती, मृणालीला तीही नाही. पाच आयती गेल्या. सहावी गेली. तिच्या मनात आलं, संध्याकाळी आपण गुपचूप छापील प्रतीशी हा भाग ताडून टाकू. मग दुसरं मनात आलं, की तीन वर्षं ज्या गोष्टीसाठी आपण भांडलो ती हीच: दिसतं ते दिसलं असं म्हणायचं.

तिनं हळूच आराफमधले शब्द उच्चारले.

अब्बा थांबले. डोळे मिटलेलेच. मागं गेले, पुन्हा त्या जागी आले, आणि पुन्हा बकरामध्ये शिरले. तिनं पुन्हा शब्द दिले. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच वाट सोडून दिली. डोळे उघडून हात पुढं केला. सफूरानं पोथी त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी ती ओळ बोटानं वाचली, दोनदा.

"लिही," ते म्हणाले. "पोथी बरोबर. पढणारा चुकला."

"अब्बा, थकला असाल. उद्या..."

"लिही, बेटा."

तिनं लिहिलं. ते उठून परसात गेले. बराच वेळ आले नाहीत, तेव्हा सफूरा मागोमाग गेली. कापूस पिंजायच्या बंद पडलेल्या यंत्रापाशी ते बाजेवर बसले होते. पलीकडं शेतात दादर ज्वारी उभी होती, पाखरं हाकायला कोणी बाई डबा बडवत होती.

"ही पहिली वेळ नाही," ते म्हणाले. "मागच्या रमजानमध्ये दोनदा झालं. मागं उभे असलेल्यांतला एक हाफिज होता, त्यानं लुकमा दिला. लोक म्हणाले, हाफिजसाहेब दमलेत. मग घरी एकटा म्हणून पाहू लागलो. एकटं म्हणताना चूक कळत नाही, सफू. चुकलेलंही बरोबरच वाटतं. ऐकणारं घरात कोणी राहिलं नाही. तुझी आई होती तोवर ती पुस्तक घेऊन बसायची."

सफूरा बाजेच्या टोकावर बसली.

"नानांचा फोन आला तेव्हा मला पोथीचं काही नव्हतं. म्हटलं, तू ऐकशील. आणि तू तोंड बघून गप्प बसणार नाहीस, एवढी खात्री होती. तीन वर्षांपूर्वी त्याच गोष्टीचा राग आला होता मला."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवीन. आता दाखवीन."

तिला रडू आलं आणि ते तिनं आवरलं नाही. अब्बांनी खांद्यावरचा रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि डबा बडवणाऱ्या बाईकडं बघत बसले.

तपासणी त्यांनी सोडली नाही. बारा दिवस चालली. मृणाली फोटो काढून आधीच जळगावला परतली. ओसरीवर तिघंच उरले. पोथीत सुटलेल्या जागा सगळ्या मिळून चार निघाल्या, चारही लिहिणाऱ्यानं समासात भरून काढलेल्या. अब्बांच्या चुका अकरा झाल्या. सफूरानं दोन्ही एकाच वहीत, एकाच शाईनं लिहिल्या, कारण त्यांचा तसा हट्ट होता. सूरा रहमान आली तेव्हा ती घाबरली होती. पण ती त्यांनी एका दमात, एकाही ठेचेशिवाय म्हटली. समासातल्या आयतींपाशी त्यांचा आवाज जरा खाली गेला, इतकंच.

शेवटच्या शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर नव्या मशिदीच्या अंगणात मंडळी बसली. एका बाजूला नानांच्या घरच्या बाया, त्यांच्यात सफूरा. पोथी नानांच्या मांडीवर होती. पाथरवट पाटी घेऊन आला होता. वरची नक्षी कोरून झाली होती, अक्षरं बाकी होती.

अब्बा उभे राहिले. पोथी साधारण दोनशे वर्षांची आहे, कागद परदेशातला आहे, लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही कारण शेवटचं पान गेलंय, हे त्यांनी सरळ सांगितलं. मग चार जागा सांगितल्या.

पुढं बसलेल्यांतला गावातल्या कापसाच्या जिनिंगवर मुकादम असलेला एक जण उठला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा आवाज चढला. "हाफिजसाहेब, भर मशिदीत सांगताय, कुराणात चूक आहे? हे तुमच्या मुलीनं शिकवलं का?"

अंगणात कुजबुज झाली. 

"मुलीनं शिकवलं ते पुढं सांगतो," अब्बा म्हणाले. "आधी तुझं. लिहिणाऱ्याचा डोळा चुकला. त्याला ते कळलं तेव्हा त्यानं पान फाडून फेकलं नाही, खोडून लपवलं नाही. समासात लिहिलं आणि खूण केली, की पुढच्यानं इथं बघावं. दोनशे वर्षं ती खूण तिथं आहे, आणि आपण तिला नक्षी म्हणत होतो. वचन कुठं गेलं? ते तिथंच आहे. फक्त ज्यानं ते नेलं तो माणूस होता."

मुकादम उभाच होता.

"आता दुसरं. या बारा दिवसांत मी अकरा जागी चुकलो. पोथी बरोबर होती आणि मी चुकलो. माझ्या मुलीनं मला लुकमा दिला. तिनं दिला नसता तर पुढच्या महिन्यात मी धुळ्यात तुमच्या भावांच्या नमाजात चुकीचं म्हटलं असतं आणि मला कळलंही नसतं. म्हणून सांगतो, यंदा मी तरावीह पढवणार नाही. धुळ्याच्या लोकांना कालच कळवलंय."

 चाळीस वर्षं ज्याचं म्हणणं लोकांनी मागं हात बांधून ऐकलं, तो माणूस स्वतःच्या विस्मरणाचं असं उभं राहून सांगत होता. मुकादम खाली बसला. त्याचं समाधान झालं होतं असं नाही. सफूराला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं ते. पण तो बसला.

"मग पाटीवर काय लिखू?" पाथरवटानं भाबडेपणानं विचारलं.

सगळ्यांनी नानांकडं पाहिलं. म्हातारा पोथीवर हात ठेवून बसला होता. बारा दिवस त्यानं प्रत्येक अक्षर ऐकलं होतं, रोज संध्याकाळी 'गावले आते काय सांगू मी' असं पुटपुटला होता. "काहीच नको," तो म्हणाला. "पाटी लई जाय भाऊ. तुनी मजुरी भेटी जाई." आणि पोथी उचलून अब्बांच्या हातात न देता सफूराच्या हातात दिली. कपाटात तूच ठेव, म्हणाला.

संध्याकाळी स्टँडवर धुळ्याची गाडी लागायला वेळ होता. बाप-लेक बाकावर बसले.

"मी यावर लिहिणार आहे," सफूरा म्हणाली. "पोथीवर. तुमच्या चुकांबद्दल नाही."

"माझ्या चुकांबद्दलही लिही. पण एक सांगतो. तू सुधारणा झाली म्हणशील, मी राखण झाली म्हणेन. तू माझं वाक्य बदलू नको, मी तुझं बदलणार नाही."

"दोन्ही लिहीन."

"लोक तुला बोलतील."

"बोलतातच."

गाडी लागली. चढताना त्यांनी विचारलं, "रविवारी कॉलेज नसतं ना तुझं?"

धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं ते सफूराला अपेक्षित होतं. औषधानं विसरण्याचा वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. रमजान लागला. देवपुरातल्या मशिदीत दुसरा हाफिज उभा राहिला, आणि अब्बा पहिल्यांदाच मागच्या रांगेत. दर रविवारी सफूरा जळगावहून दुपारपर्यंत पोचे. दोघं रोजा धरून, छापील प्रत मध्ये ठेवून बसत. काही रविवारी ते कुराणाच्या तीस पाऱ्यांतला अर्धा पारा न अडता म्हणत आणि मग तासभर तिच्याशी हिज्रीच्या पहिल्या शतकावरून भांडत. काही रविवारी तिसऱ्या ओळीला वाट हरवे. ती शब्द देई, ते उचलत, आणि पुढं जात.

सत्ताविसाव्या रोज्याच्या दुपारी त्यांना सुरुवातच सापडेना. ते दोनदा खाकरले. मग म्हणाले, "आज तू वाच. मी ऐकतो."

सफूराला पाठ नव्हतं. तिनं पुस्तक जवळ ओढलं आणि वाचायला लागली. एका जागी तिचा स्वर आखूड पडला, तेव्हा डोळे न उघडता त्यांनी तो ताणून दुरुस्त केला.